रेखाटन मायकेलअँजेलोचे, चित्र सेबास्तियानोचे

लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर असलेले चित्र लिओनार्दोचेही नाही आणि राफाएलचेही नाही. ते सेबास्तियानो देल पिओम्बोचे आहे. विषय बायबलमधला: मरून चार दिवस झालेल्या लाझारसला येशू थडग्यातून उठवतो. 1824 साली ब्रिटिश सरकारने जॉन ज्युलियस अँगरस्टाइन यांच्या संग्रहातली 38 चित्रे 57,000 पौंडांना विकत घेतली आणि त्यांतून ही गॅलरी सुरू झाली. लाझारसच्या या चित्राला तेव्हाच पहिला क्रमांक मिळाला. चित्र जवळजवळ पावणेचार मीटर उंच आहे, त्यामुळे त्याच्यासमोरून न बघता पुढे जाणे कठीण. आणि तरीही चित्रकलेची बऱ्यापैकी आवड असलेल्या माणसालाही सेबास्तियानोचे नाव चटकन आठवत नाही. आठवलेच तर पाठोपाठ दुसरे नाव येते. ‘अच्छा, तो मायकेलअँजेलोचा मित्र!’

या मैत्रीचा आणि तिच्यातून झालेल्या कामाचा हिशेब नीट मांडला गेलेला नाही, असे मला वाटते. प्रश्न चित्रकलेच्या इतिहासापुरता राहत नाही. लोकांच्या पैशांवर चालणाऱ्या संग्रहालयांनी भिंतीवर काय लिहावे, मुलांच्या पुस्तकात काय छापावे, लिलावात कोणत्या नावाला किती पैसे पडावेत, इथपर्यंत तो पोचतो. दोघांनी मिळून केलेले काम कुणाच्या नावावर लावायचे? माझे उत्तर असे: ज्याने चित्र उभे केले, रंगवून पुरे केले, त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी घेतली आणि खाली सही केली, ते चित्र त्याचे. ज्याने रेखाटन दिले त्याचे नाव रेखाटनासाठी लिहावे, अगदी ठळक लिहावे, कोणती आकृती त्याची तेही सांगावे. पण रेखाटन देणारा मोठा माणूस आहे एवढ्यावरून चित्राचा मालकी हक्क त्याच्याकडे सरकवू नये. सेबास्तियानोच्या बाबतीत हे सरकवणे पाचशे वर्षे चालू आहे.

सेबास्तियानो लुचिआनी 1485 च्या सुमारास व्हेनिसमध्ये जन्मला. तरुणपणी तो ल्यूट फार छान वाजवायचा आणि गायचा, असे कलावंतांची चरित्रे लिहिणारा जॉर्जो वसारी सांगतो. पुढे तो जोव्हान्नी बेलिनीकडे आणि नंतर जॉर्जोनेकडे चित्रकला शिकला. पंचविशीत असतानाच व्हेनिसच्या सान जोव्हान्नी क्रिसोस्तोमो चर्चमध्ये मुख्य वेदीवरचे चित्र त्याने केले. म्हणजे रोमला जाण्याआधीच तो नाव कमावलेला चित्रकार होता. त्या काळच्या व्हेनिसच्या चित्रकारांची कामाची रीत वेगळी होती. आधी काटेकोर रेखाटन करून मग ते रंगाने भरायचे, असे ते करत नसत. तैलरंगाच्या थरावर थर चढवत, मध्येच बेत बदलत, उजेड आणि अंधार यांतूनच आकार घडवत ते पुढे जात. फ्लॉरेन्सची शिकवण याच्या उलट होती: आधी रेषा पक्की, शरीर हाडामांसासकट कळलेले, मग रंग.

1511 मध्ये सिएनाचा अतिश्रीमंत सावकार आगोस्तिनो किजी याने सेबास्तियानोला रोमला आणले. टायबर नदीकाठी किजीने जो महाल बांधला (आज त्याला फार्नेसिना म्हणतात) त्याच्या भिंतीवर सेबास्तियानोने एकडोळ्या पॉलिफेमस रंगवला. त्याच्याच शेजारी राफाएलची गालातेया आहे. दोन चित्रे एका भिंतीवर आणि दोघांचे चाहते एका शहरात. पुढे काय होणार ते उघडच होते.

त्या वेळी मायकेलअँजेलो सिस्टीन चॅपेलच्या छताखाली परांचीवर होता. छत 1512 मध्ये पुरे झाले. राफाएल पोपच्या दालनांत भिंती रंगवत होता. वसारी लिहितो की रोममध्ये लोकांचा कल राफाएलकडे झुकू लागला होता: रंगात, लावण्यात, माणसांना खूष करण्यात राफाएल वरचढ; मायकेलअँजेलोकडे काय, नुसती रेषा. मायकेलअँजेलोला हे झोंबले. व्हेनिसहून आलेल्या या मुलाच्या हातात रंग आहे, त्याला आपण रेषा दिली तर आपण स्वतः मैदानात न उतरता राफाएलच्या बाजूच्यांची तोंडे बंद होतील, असा विचार त्याने केला, असे वसारीचे म्हणणे. याच एका वाक्यातून पुढची पाचशे वर्षे सेबास्तियानोकडे पाहिले गेले. मायकेलअँजेलोच्या हातातले हत्यार, एवढीच त्याची ओळख उरली.

आता त्या हत्याराने काय केले ते पाहू. रोमच्या उत्तरेला व्हिटेर्बो नावाचे गाव आहे. तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चसाठी जोव्हान्नी बोतोन्ती याने मृत ख्रिस्त आणि त्याची आई यांचे चित्र मागवले. वसारी म्हणतो की पूर्णाकृती रेखाटन मायकेलअँजेलोचे होते. लाकडी फळीच्या मागच्या बाजूला कोळशाने काढलेल्या आकृती अजून दिसतात आणि त्यांतल्या काही मायकेलअँजेलोच्या हातच्या मानल्या जातात. पुढच्या बाजूला ख्रिस्ताचे शरीर पांढऱ्या कापडावर जमिनीवर आडवे आहे. आईच्या मांडीवर नाही. मायकेलअँजेलोच्या रोममधल्या संगमरवरी पिएतामध्ये आई मुलाला मांडीवर घेऊन बसली आहे, इथे दोघांमध्ये अंतर आहे. मेरी मागे बसली आहे. पैलवानासारखा भक्कम गळा, रुंद खांदे, हात एका बाजूला गच्च गुंफलेले आणि तोंड वर. या शरीरांचा बांधा फ्लॉरेन्सचा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण चित्र रात्रीचे आहे. ढगांतून पूर्ण चंद्र बाहेर येतो आहे, मागे पडझड झालेल्या इमारती आणि झाडे काळोखात बुडाली आहेत, क्षितिजाशी थोडा तांबूस उजेड उरला आहे, आणि त्या सगळ्या काळोखात ख्रिस्ताचे फिकट शरीर तेवढे उजळलेले आहे. मेरी मान वर करून पाहते ती या चंद्राच्या आकाशाकडे. हा चंद्र आणि हा काळोख कोणत्याही रेखाटनातून येत नाही. काळ्या खडूने शरीर काढता येते, पण भिजल्यासारखी गार हवा काढता येत नाही. स्वतः वसारीलाही मान्य करावे लागले की तो काळोखा भूप्रदेश सेबास्तियानोचा आणि त्याची फार स्तुती झाली. चित्रासमोर उभा राहिलेला माणूस हेलावतो तो दोन्हींमुळे हलतो, हे खरेच आहे. मात्र चंद्र काढून टाकला तर उरतो तो उत्तम अभ्यास. ख्रिस्ताची आकृती थोडी कमी कसदार असती तरी चित्र उरले असते. माझा कौल म्हणून सेबास्तियानोकडे जातो.

या भागीदारीत चोरून काहीच चालले नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. फ्लॉरेन्सचा सावकार पिएरफ्रान्चेस्को बोर्गेरिनी याने 1516 मध्ये रोमच्या सान पिएत्रो इन मोंतोरियो चर्चमधले आपले चॅपेल रंगवायचे काम सेबास्तियानोला दिले, तेव्हा रेखाटन मायकेलअँजेलो देईल हे त्याला ठाऊक होते. तशी त्याची अपेक्षाच होती. मायकेलअँजेलोने ख्रिस्ताला फटके मारण्याच्या प्रसंगाचे रेखाटन पाठवले. सेबास्तियानोने ते भिंतीवर तैलरंगात उतरवले. गिलावा ओला असतानाच रंग लावायचा ही फ्रेस्कोची नेहमीची रीत सोडून तैलरंग भिंतीवर टिकवणे हे धाडस होते. लिओनार्दोने मिलानमध्ये ओल्या गिलाव्याची रीत टाळून पाहिली होती आणि त्याचे चित्र त्याच्या हयातीतच झडू लागले होते. सेबास्तियानोने भिंतीचा थर वेगळा तयार केला आणि चित्र टिकले. चॅपेल पुरे व्हायला 1524 उजाडले. आळशी म्हणून त्याला जी नावे ठेवली गेली, त्यांत या कामाला लागलेल्या वर्षांचाही वाटा आहे. नवी रीत बसवायला वेळ लागतो, एवढे तरी त्याच्या पदरात टाकायला हरकत नव्हती.

मग आले लाझारसचे चित्र. कार्डिनल ज्युलिओ दे मेदिची (हाच पुढे पोप क्लेमेंट सातवा झाला) फ्रान्समधल्या नार्बोनचा आर्चबिशप होता. तिथल्या कॅथीड्रलसाठी त्याने दोन मोठी चित्रे मागवली, एक राफाएलकडून आणि एक सेबास्तियानोकडून. राफाएलने ‘रूपांतर’ काढायला घेतले, सेबास्तियानोने लाझारस. दोघांनाही समजले होते की ही झुंज आहे. 1518 च्या जुलैमध्ये सेबास्तियानोने फ्लॉरेन्समध्ये असलेल्या मायकेलअँजेलोला लिहिले की राफाएलचे पुरे होईपर्यंत मी माझे चित्र त्याला दिसू देणार नाही. त्याच पत्रात राफाएलच्या नव्या चित्रांतली माणसे धुरात ठेवल्यासारखी किंवा चकाकत्या लोखंडाची वाटतात, अशी जळजळीत टीकाही आहे. सेबास्तियानो संत नव्हता. मत्सर त्याच्यातही होता आणि तो लपवावा असे त्याला वाटत नव्हते.

मायकेलअँजेलोने लाझारसच्या आकृतीसाठी रेखाटने दिली. आज त्यांतली दोन ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि एक फ्रान्समध्ये बायोनच्या संग्रहालयात. लाझारसचे चित्र पाहताना ही रेखाटने शेजारी ठेवली तर वाटणी डोळ्यांना दिसते. लाझारस थडग्याच्या कडेला बसला आहे. अंगावरची कफनाची पट्टी तो हाताने सोडवतो आहे आणि एका पायाने दुसऱ्या पायावरची पट्टी खाली ढकलतो आहे. नुकतेच शुद्धीवर आलेले शरीर आधी बंधने झटकते, मागून भान येते, हा विचार त्या पायात आहे, आणि तो विचार मायकेलअँजेलोचा आहे. पण आता चित्रात भोवती पाहा. एक हात वर उचललेला आणि दुसऱ्या हाताने लाझारसकडे बोट दाखवणारा येशू, त्याच्या पायाशी गुडघे टेकलेली लाझारसची बहीण मेरी, चार दिवसांच्या प्रेताच्या दुर्गंधीने नाकाला पदर लावणाऱ्या बायका, गर्दीतले चकित आणि संशयी चेहरे, मागे नदी, पूल, पडक्या इमारती, काठावर कपडे धुणाऱ्या बायका, आणि वर फाटलेले वादळी आकाश. मृताच्या अंगावर सावलीचा जो करडा-काळसर रंग आहे, त्याच्याजवळच उभ्या माणसांचे तांबडे, हिरवे, निळे कपडे झळाळतात. एवढ्या मोठ्या गर्दीला एका प्रकाशात बांधून ठेवणे हे या चित्राचे खरे काम आहे. ते सेबास्तियानोने केले. खाली त्याने सही केली: हे व्हेनिसच्या सेबास्तियानोने केले. गाव मुद्दाम लिहिले. मायकेलअँजेलोने आयुष्यात एकाच कामावर सही केली, पिएतावर, आणि तिथे आपले फ्लॉरेन्स लिहिले. सेबास्तियानोची सही त्याच घडणीची आहे. मित्राच्या शब्दांत त्याने आपले गाव घातले.

1519 च्या अखेरीस चित्र पुरे झाले. 1520 च्या एप्रिलमध्ये राफाएल अवघ्या 37 व्या वर्षी वारला. त्यानंतर दोन्ही चित्रे एकत्र मांडली गेली. कार्डिनलने राफाएलचे चित्र रोममध्ये ठेवून घेतले आणि लाझारस नार्बोनला गेला. पुढे तो फ्रान्सच्या ऑर्लेआँच्या ड्यूककडे आणि तिथून लंडनला पोचला. मधल्या काळात, 1771 मध्ये, चित्र मूळ फळीवरून सोडवून कॅनव्हासवर चढवले गेले. त्यात त्याचे नुकसान झाले. रंगाचे जे नाजूक थर ही सेबास्तियानोची खासियत, त्यांनाच अशा उपायांचा फटका आधी बसतो. आकृतीचा बांधा मात्र तसाच राहतो. आज लाझारसकडे पाहून ‘यातली ताकद मायकेलअँजेलोची’ असे कुणी म्हणते तेव्हा हे नुकसान हिशेबात धरलेले नसते.

आता दुसरी बाजू. हे नाते एकतर्फी देण्याचे होते, मोठ्याने धाकट्याला हात दिला, असे चित्र सर्रास रंगवले जाते. पत्रे वाचली की ते टिकत नाही. मायकेलअँजेलो 1516 नंतर बराच काळ फ्लॉरेन्समध्ये अडकला होता आणि रोममध्ये त्याचे डोळे, कान आणि जीभ सेबास्तियानो होता. कोण काय बोलतो, पोपच्या मनात काय आहे, कोणते काम कुणाला जाणार, ही खबर तो सतत कळवत राहिला. मायकेलअँजेलो त्याच्या मुलाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता होता, आणि पत्रांत सेबास्तियानो त्याला त्याच नात्याने हाक मारतो.

सांता मारिया सोप्रा मिनेर्वा चर्चमधल्या उभ्या ख्रिस्ताच्या संगमरवरी पुतळ्याची हकीगत घ्या. पुतळा फ्लॉरेन्सहून रोमला आला आणि शेवटचा हात फिरवण्यासाठी मायकेलअँजेलोने आपला साहाय्यक पिएत्रो उर्बानो याला पाठवले. त्याने पाय, हात, दाढी बिघडवून ठेवली. 1521 च्या सप्टेंबरमध्ये सेबास्तियानोने संतापून मायकेलअँजेलोला लांबलचक पत्र लिहिले, कुठे काय खराब झाले ते एकेक करून सांगितले आणि दुसऱ्या शिल्पकाराकडून ते दुरुस्त करवून घ्यायला लावले. त्याच पत्रात तो म्हणतो की या पुतळ्याचे नुसते गुडघे साऱ्या रोमपेक्षा मोलाचे आहेत. मित्राच्या अब्रूची अशी राखण करणाऱ्या माणसाला ‘आश्रित’ म्हणायचे?

मायकेलअँजेलोनेही आपल्या परीने केले. राफाएल गेल्यावर पोपच्या महालातले मोठे दालन रंगवायचे काम सेबास्तियानोला हवे होते. मायकेलअँजेलोने कार्डिनल बिब्बिएनाला शिफारसपत्र लिहिले. मी गरीब, वेडा माणूस आहे, राफाएल गेला आहे, तर बास्तियानोला महालाच्या कामात वाटा द्यावा; माझ्यासारख्यावर मेहेरबानी फुकट जाईल असे वाटत असेल तर कोंबड्याचा कंटाळा आलेल्याला जेवणात बदल म्हणून कांदाही गोड लागतो, तशी वेड्यांवर मेहेरबानी करण्यातही कधी गोडी असते. शिफारस अशा सुरात केल्यावर काम मिळायचे नव्हते आणि मिळालेही नाही. ते राफाएलच्या शिष्यांकडे, ज्युलिओ रोमानो आणि पेन्नी यांच्याकडे राहिले. मला या पत्रात मायकेलअँजेलोचा संकोच दिसतो. स्वतःसाठी त्याने पोपशी भांडणे केली. मित्रासाठी मागताना मात्र त्याने मागणीचाच विनोद केला.

शेवट वाईट झाला. 1531 मध्ये क्लेमेंटने सेबास्तियानोला पोपच्या फर्मानांवरच्या शिशाच्या (इटालियनमध्ये ‘पिओम्बो’, त्यावरूनच त्याचे ‘देल पिओम्बो’ हे नाव) शिक्क्याचा अधिकारी नेमले. त्यासाठी त्याला साधूची वस्त्रे घ्यावी लागली. मला पाहाल तर हसाल, सगळ्या रोममध्ये माझ्याइतका देखणा साधू नाही, असे त्याने मायकेलअँजेलोला कळवले. पुढे सिस्टीन चॅपेलच्या वेदीमागच्या भिंतीवर ‘अंतिम न्याय’ काढायची वेळ आली, तेव्हा सेबास्तियानोने भिंत तैलरंगासाठी तयार करवून घेतली. मायकेलअँजेलो आधी हो की ठो बोलला नाही. मग त्याने तो सगळा थर काढून टाकायला लावला आणि फ्रेस्कोसाठी नवा गिलावा चढवला. तैलरंग ही बायकांची आणि फ्रा सेबास्तियानोसारख्या सुखवस्तू आळशांची कला, असे तो म्हणाल्याचे वसारी लिहितो. मैत्री तिथे तुटली ती जुळलीच नाही. 1547 मध्ये सेबास्तियानो वारला.

तीन वर्षांनी, 1550 मध्ये, वसारीचे पुस्तक आले. एक मित्र गेलेला, दुसरा अजून चौदा वर्षे जगणार होता आणि लिहिणारा फ्लॉरेन्सच्या परंपरेचा, मायकेलअँजेलोला देव मानणारा. रेषा ही कलेची जननी आणि रंग तिच्यामागून येणारा, ही वसारीची श्रद्धा होती. या श्रद्धेतून पाहिले की रेखाटन देणारा आपोआप कर्ता ठरतो आणि रंगवणारा मजूर. वसारीने सेबास्तियानोची व्यक्तिचित्रे वाखाणली, भित्तिचित्रांतही पुष्कळ चांगले पाहिले, पण चरित्राचा सूर लावला तो मिळकत सुरू झाल्यावर हात आखडणाऱ्या सुखलोलुप माणसाचा. आपण अजून त्याच सुरात बोलतो. तीनचार पिढ्यांपूर्वी झालेली एक गोष्ट या सुराची सवय किती खोल आहे ते दाखवते. लाझारसची रेखाटने नक्की कुणाची यावर जाणकारांत वाद होता. बेर्नार्ड बेरेन्सन यांच्यासारख्यांनी ती सेबास्तियानोची मानली होती. 1953 मध्ये योहानेस व्हिल्डे यांनी ब्रिटिश म्युझियमची सूची करताना ती मायकेलअँजेलोची ठरवली आणि आज तेच मत सर्वमान्य आहे. मलाही ते पटते. पण कागदावरची रेखाटने मायकेलअँजेलोकडे गेली म्हणून भिंतीवरच्या चित्रातला सेबास्तियानोचा वाटा कसा घटतो? चित्र तर आदल्या दिवशी होते तेवढेच होते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की ‘माझे-तुझे’ हा आजचा हट्ट आहे. त्या काळी कारखाने होते, गुरू होते, शिकाऊ मुले होती, एका चित्रावर पाच हात फिरत आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे. राफाएलच्या कारखान्याबद्दल हे बरेचसे खरे आहे. पण सेबास्तियानो मायकेलअँजेलोच्या कारखान्यातला नव्हता. त्याचे काम त्याला मिळे, करार तो करी, पैसे तो घेई, आणि लाझारसच्या किमतीवरून घासाघीस झाली तेव्हा मायकेलअँजेलोने मोल ठरवावे असे त्यानेच सुचवले. सही करणाऱ्या आणि गावाचे नाव लिहिणाऱ्या माणसाला नावाचे काही वाटत नव्हते, हे म्हणणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. मायकेलअँजेलोची रेषा मिळाली नसती तर सेबास्तियानो इतका मोठा झाला असता का? कदाचित नसता. व्हेनिसमध्ये राहून तो जॉर्जोनेचा एक चांगला वारसदार म्हणून राहिला असता. मायकेलअँजेलोने त्याला शरीराचे वजन शिकवले, आणि त्या शिकवणीची छाप त्याच्या पुढच्या प्रत्येक चित्रावर आहे, मायकेलअँजेलोने रेषाही न दिलेल्या चित्रांवरसुद्धा. 1526 च्या सुमारास त्याने काढलेले क्लेमेंट सातव्याचे व्यक्तिचित्र नेपल्सला आहे. बाजूला मान वळवून बसलेला तो पोप एखाद्या पुतळ्यासारखा जड आणि गर्विष्ठ दिसतो. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण ऋण आणि कर्तेपण या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि एकीच्या जागी दुसरी भरली की दोन्ही चुकतात. आणि उलट प्रश्नही विचारायला हवा. तैलरंगातली रात्र, वादळी आकाश, दुर्गंधीने तोंड फिरवणारी माणसांची गर्दी मायकेलअँजेलोने कुठे रंगवली आहे? या भागीदारीत त्यालाही असे काही मिळाले जे त्याच्या एकट्याच्या हातून झाले नसते.

नाव नीट लिहिणे अशक्य आहे असेही नाही. हेग शहरात मॉरित्सहाउस संग्रहालयात रूबेन्स आणि यान ब्रूगल (थोरला) यांनी 1615 च्या सुमारास केलेले एदेन बागेचे चित्र आहे. आदम, हव्वा, घोडा रूबेन्सचे. झाडे, पक्षी, फळे, प्राणी बहुतेक ब्रूगलचे. दोघांनी सही केली आणि रूबेन्सने आपल्या सहीत आकृती आपल्या असल्याचे नोंदवले. चारशे वर्षांपूर्वी दोन चित्रकारांना जे जमले ते आजच्या संग्रहालयांना जड जाऊ नये. आपल्याकडे आकाशवाणीवर भावगीत लागण्याआधी कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव सांगण्याची पद्धत आहे. त्यामुळे गाण्याचा आनंद कमी झाल्याचे कुणी म्हटलेले नाही आणि गाणे ‘खरे’ कुणाचे यावर भांडणेही होत नाहीत.

नॅशनल गॅलरी लाझारसच्या चित्रावर सेबास्तियानोचे नाव देते आणि त्यात मायकेलअँजेलोची रेखाटने समाविष्ट असल्याचे सांगते. हे सूत्र योग्य आहे आणि तेच सगळीकडे वापरले जावे. अडचण होते ती पाटी सोडून बाहेर आल्यावर. 2017 मध्ये याच गॅलरीने या दोघांच्या भागीदारीवर मोठे प्रदर्शन भरवले. व्हिटेर्बोचे चित्र आले, बोर्गेरिनी चॅपेलची हुबेहूब प्रतिकृती उभारली गेली, पत्रे मांडली गेली. या विषयाला न्याय देणारे इतके मोठे काम आधी झाले नव्हते. तरी नाव होते ‘मायकेलअँजेलो आणि सेबास्तियानो’. मायकेलअँजेलोची शिल्पे आणि रेखाटने होती, पण ज्या चित्रांभोवती प्रदर्शन उभे होते, ती सेबास्तियानोने रंगवलेली होती. तिकिटे कुठल्या नावावर खपतात ते मला कळते. पण गॅलरी लोकांची आहे, तिला तिकिटांपलीकडचे काम आहे.

मोठ्या नावाकडे ओढा किती जबर असतो ते त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये दिसले. 2005 मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात बाराशे डॉलरच्या आत गेलेले ख्रिस्ताचे एक चित्र साफसफाई आणि दुरुस्तीनंतर लिओनार्दोचे म्हणून 45 कोटी डॉलरना विकले गेले. त्यातले किती लिओनार्दोचे आणि किती त्याच्या कारखान्यातल्या हातांचे, यावर जाणकार अजून भांडत आहेत. एका नावावर एवढा पैसा लागलेला असताना ‘यात दुसऱ्याचाही हात आहे’ असे म्हणणे कुणालाच परवडत नाही. खासगी खरेदीदाराचा नाइलाज समजू शकतो. सार्वजनिक संग्रहालयाला तसा नाइलाज नसतो, कारण त्याला चित्र विकायचे नसते.

म्हणून मागणी साधी आहे. भागीदारीतल्या चित्राखाली रंगवणाऱ्याचे नाव आधी, रेखाटन देणाऱ्याचे त्याखाली आणि कोणता भाग कुणाचा ते दोन वाक्यांत. ‘मदतीने’, ‘प्रभावाखाली’, ‘वर्तुळातला’ असले मोघम शब्द, जिथे नक्की माहिती आहे तिथे नकोत. लाझारसच्या शेजारी ब्रिटिश म्युझियमच्या आणि बायोनच्या रेखाटनांची मूळ आकारातली छायाचित्रे कायमची लावावीत. त्या पायाची रेषा कागदावर कुठे थांबते आणि रंग कुठून सुरू होतो हे प्रेक्षकाने स्वतः पाहावे. पाठ्यपुस्तकांत प्रबोधनकाळाच्या धड्यात लिओनार्दो, मायकेलअँजेलो, राफाएल या तिघांच्या यादीखाली निदान एक उदाहरण असे असावे, जिथे काम दोघांचे होते आणि कोणाचे काय ते सांगता येते. आणि या दोघांना पुन्हा एकत्र मांडायची वेळ येईल तेव्हा भिंतीवर चित्रे सेबास्तियानोची असतील तर फलकावर पहिले नाव सेबास्तियानोचे लिहावे.